दुसऱ्या मजल्यावरचा भोंगा

छताला लावलेल्या धुराच्या डिटेक्टरला कुणीतरी ऑपरेशनचा हातमोजा बांधून ठेवला होता. आगीची यंत्रणा तपासायला आलेल्या प्रतिभानं तो ओढून काढला तशी आतली मेलेली झुरळं तिच्या बाहीवर सांडली. ती झटकून तिनं डिटेक्टरखाली धुराचा फवारा मारला आणि शिरूरच्या त्या चार मजली दवाखान्यात आगीचा भोंगा कोकलायला लागला.

कुणी उठलं नाही. सिस्टरनं मोबाईलमधून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. वॉर्डातल्या पेशंटांनी सिस्टरकडे बघितलं. ती बसलीय म्हटल्यावर तेही पडून राहिले.

हलली फक्त कवठे येमाईची झुंबरबाई. तिच्या नवऱ्याच्या, मल्हारीआबांच्या मांडीचं ऑपरेशन परवाच झालं होतं. उभा जन्म मेंढरं उचललेली बाई. तिनं आबांना पाठुंगळी घेतलं, सलाईनची बाटली दातांत धरली आणि भिंतीवरचा बाहेरच्या वाटेचा हिरवा बाण धरून निघाली. आबा कळवळत होते.

प्रतिभा मागून धावली. बाण जिथं संपत होता त्या दाराला साखळी होती आणि साखळीला कुलूप. झुंबरबाई खांद्यानं दाराला धडका देत होती.

"आजी, थांबा! आग न्हाई लागली. टेस्टिंग चाललंय."

झुंबरबाईनं बाटली तोंडातून हातात घेतली. "आग न्हाई तर ह्यो बोंबलतोय कशापायी?"

तेवढ्यात भोंगा थांबला. दोघींनी मिळून आबांना बाकड्यावर टेकवलं. दवाखान्याचा मॅनेजर हसत हसत आला. दार उघडा म्हणून प्रतिभा हटूनच बसली, तेव्हा त्यानं किल्ली मागवून दार उघडलं.

आत जिना होता, पण दिसत नव्हता. रक्ताच्या बोळ्यांनी, पट्ट्यांनी भरलेल्या पिवळ्या पिशव्या वरच्या पायरीपर्यंत रचल्या होत्या. एक फुटली होती. तिच्यातलं तांबूस पाणी उंबऱ्यावरून ओघळत झुंबरबाईच्या अनवाणी पावलाखाली आलं. प्रतिभानं नाकाला बाही लावली.

"कचऱ्याची गाडी वेळेवर येत नाही," मॅनेजर म्हणाला. "ठेवायचं कुठं मग?"

"आन् माणसांनी पळायचं कुठून?" प्रतिभानं विचारलं.

"मॅडम, तुम्ही बेल तपासायला आलात ना? वाजली ना बेल? झालं तर मग."

प्रतिभानं तिथूनच आपल्या ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला. जिन्याचं सांगितलं, कुलुपाचं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बेल वाजली का?"

"वाजली, पण—"

"मग वरचा मजला घे."

"मी न्हाई घेणार, सर. हे असलं मी पास करणार न्हाई."

"बरं. उद्या तुझ्याऐवजी संपतला पाठवतो," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

आबांना स्ट्रेचरवरून परत खाटेवर आणलं. मांडीच्या पट्टीवर लाल डाग पसरत चालला होता. सिस्टर झुंबरबाईवर खेकसली, "कुणी उठवायला सांगितलं होतं यांना?"

"भोंगा वाजला," झुंबरबाई म्हणाली.

मॅनेजर वॉर्डाच्या मधोमध उभा राहिला. "सगळ्यांनी ऐका! बेल वाजली तरी कुणी जागचं हलायचं नाही. कळलं?"

खाटांवरच्या माना हलल्या. झुंबरबाईनंही हलवली.

प्रतिभानं आपलं सामान पिशवीत भरलं. तसंच निघून जाववेना, म्हणून ती खाटेपाशी आली. झुंबरबाई ओल्या फडक्यानं पाऊल पुसत होती. एकच जागा घासघासून पुसत होती.

"आजी, माझ्यामुळं आबांना तरास झाला."

"तुझी काय चूक, पोरी? तू आपलं काम केलंस."

बाहेर साखळी पुन्हा दाराच्या कड्यांतून ओढल्याचा आवाज आला. झुंबरबाईनं फडकं खाली ठेवलं, प्रतिभाचं मनगट धरलं आणि सिस्टरला ऐकू जाणार नाही असं हळू विचारलं,

"खरी आग लागली, तर तू यिऊन सांगशील न्हवं?"