एका नंबरवर पाचच

एकोणीस नोंदी कंप्युटरनं परत फेकल्या. एक्सेलच्या फाईलमध्ये सहाशे बारा गरोदर आणि बाळंतीण बायका होत्या. पाचशे त्र्याण्णव सुरळीत आत गेल्या आणि ह्या एकोणीस लाल होऊन शिवशंकरच्या तोंडाकडं बघत बसल्या. घड्याळात पावणेचार. पाच वाजता लातूरच्या सोनोग्राफी शिबिराची यादी आपोआप निघणार होती. जिची नोंद नाही तिला टोकन नाही, आणि टोकन नाही तर गाडीत जागा नाही.

कारण वाचून त्याचं डोकंच फिरलं. चोवीस बायकांसमोर एकच मोबाईल नंबर, आणि एका नंबरवर पाचच नावं चालतील असा नियम. हा शहाणा कोण ते बघूच, म्हणून त्यानं नंबर फिरवला. रिंग आरोग्य केंद्राच्या बाहेरच्या बाकावरच वाजली.

बाकावर वाडीच्या आशा कार्यकर्त्या सुभद्राबाई बसल्या होत्या. फोन कानाला लावूनच त्या आत आल्या.

"मावशी, अवो चोवीस बायांना तुमचाच नंबर?"

"मंग? माझ्याच हायत त्या."

"तसं चालत न्हाई. नवऱ्यांचे नंबर द्या."

"नवरे गेले ऊसतोडीला, फोन त्यांच्या खिशात. सुईचा निरोप तिकडं कारखान्यावर जाऊन काय करायचा? माझ्याकडं आला की मी घरी जाऊन सांगते. अकरा वर्षं झाली, हेच करत आलेय."

आता ह्यात बाईची चूक काय सांगा! नियम करणाऱ्यानं वाडी पाहिली नव्हती. तशी ती शिवशंकरनंही पाहिली नव्हती. तीन वर्षांपूर्वी निलंग्याहून येऊन इथं कंप्युटरवर नोंदी करायला लागला, तेव्हापासून तो खुर्चीत. यादीतली नावं त्याला पाठ होती. रस्त्यात कुणी भेटलं तर ओळखायचा नाही.

"असं करतो," तो म्हणाला, "मनानंच एकोणीस नंबर टाकतो. पाच मिनिटांचं काम."

"अन् टोकनाचा मेसेज कुणाला जाईल?"

"कुणाला तरी जाईल."

सुभद्राबाईंनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "ही राजकन्या. आठवा महिना, रक्त सहा पॉइंट दोन. पहिलं लेकरू गेलंय तिचं. शुक्रवारची गाडी चुकली तर तिला काय सांगू मी? तूच ये अन् सांग."

शिवशंकरला लाज वाटली. लाज वाटली की काय करावं कळत नाही. त्यानं उगाच माऊस इकडून तिकडं हलवला.

"माझा नंबर टाकतो हिच्यासमोर," तो एकदम म्हणाला. "पाच घेतो मी."

नंबर कुणाचा, असा एक रकाना होता. पती, कुटुंब, शेजारी, इतर. "काय लावू?" त्यानं विचारलं.

"शेजारी लाव."

चौदा उरल्या. सुकन्या सिस्टरनी पाच घेतल्या. रुग्णवाहिकेचा विनोद चहा घेऊन आला, त्याच्या गळ्यात पाच घातल्या. "अवो, पाच बाया! घरी कळालं तर जेवायला मिळणार न्हाई मला," तो म्हणाला आणि आपला नंबर सावकाश, दोनदा सांगितला. डॉक्टर मॅडम आतून सगळं ऐकत होत्या. "राहिलेल्या चार माझ्यावर टाका," त्या म्हणाल्या. "एक जागा मोकळी ठेवा. वाडीत अजून कुणी निघेलच."

चार चाळीसला शिवशंकरनं फाईल पुन्हा चढवली. गोल चक्र फिरत राहिलं. चहा कुणी प्यायलं नाही. मग एकोणीसच्या एकोणीस ओळी हिरव्या झाल्या, आणि सुभद्राबाईंनी सगळ्यांदेखत पदरानं डोळे पुसले. "लई बरं झालं रे बाबा," त्या म्हणाल्या.

पाचला यादी निघाली आणि फोन वाजायला लागले. शिवशंकरच्या फोनवर आलं, 'प्रिय राजकन्या, अभिनंदन! आपले टोकन सात. गाडी शुक्रवारी सकाळी आठ वाजता.'

"अभिनंदन बरं का," विनोद म्हणाला. सिस्टर हसू दाबत आत गेल्या.

"घ्या मावशी, टोकन सात. सांगा तिला."

सुभद्राबाई चपला घालत होत्या. "माझ्या नंबरवरच्या पाच जणी तांड्याकडच्या हायत, मी तिकडं चालले. हिचा मेसेज तुझ्याकडं आलाय."

शिवशंकरनं कंप्युटर बंद केला आणि गाडीची चावी उचलली.

"घर कुठं हाय तिचं?"

"पाण्याच्या टाकीपासून तिसरं, निळं दार. अन् हे बघ, हॉर्न वाजवू नको. दिवसभर कामात उभी ऱ्हाती, आत्ता कुठं आडवी झाली असंल."