सासूचा दगड

मरोळच्या आमच्या चर्चच्या ओसरीत कबरींवरचे जुने दगडच फरशी म्हणून बसवले होते. १९६८ साली फादरनी ते काढून भिंतीत लावायचं आणि खाली मोझेकच्या लाद्या घालायचं ठरवलं. सगळं गाव कबूल झालं. फक्त एथेलबायनं आपल्या सासूचा दगड हलवू दिला नाही. दर रविवारी मिस्साची प्रार्थना सुरू होईपर्यंत ती त्याच दगडावर बसून असायची.

"सासूवर एवढा जीव फार कमी सुनांचा असतो," फादर तिला म्हणाले. "पण बसून बसून दगडावरचं नाव झिजत चाललंय. भिंतीवर ते टिकेल."

"ती होती तोवर तिच्यासमोर बसायची मला परवानगी नव्हती, फादर," एथेलबाय म्हणाली.

ती पुढे म्हणाली, "नाव पुरतं झिजलं, की मग लावा भिंतीवर."