कपाटातली वायर

सुनेनं घरात शिवणक्लास काढावा, हे ईश्वरदासांना मुळीच मंजूर नव्हतं. मयुरी कॉम्प्युटरवर जाहिरात तयार करतेय हे कळताच त्यांनी घरातला जुना प्रिंटर उचलून आपल्या खोलीत नेला, त्याला कॉम्प्युटरशी जोडणारी वायर कपाटात कोंबली आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. स्वतःला झेरॉक्स काढायला प्रिंटर तेवढा चालू ठेवला.

"काहून त्या पोरीच्या मागे लागले जी?" त्यांच्या बायकोनं, सखूबाईंनी विचारलं.

"वायर माझ्यापाशी आहे. आता छापूनच दाखव म्हणा तिले!"

रविवारी ते काटोलला लग्नाला गेले. सखूबाई गुडघ्यांचं निमित्त सांगून सुनेसोबत घरीच राहिल्या.

सोमवारी सकाळी ईश्वरदास पलंगावर चहा पीत बसले होते, तर प्रिंटर आपसूक कुरकुरला आणि एकामागून एक कागद बाहेर टाकू लागला. 'मयुरी शिवणक्लास. पत्ता : ईश्वरदासांची बैठक, हुडकेश्वर.' त्यांनी घाईघाईनं खिसा चाचपला. किल्ली जागच्या जागी होती.

 

दारात उभ्या राहून, हातातला मोबाइल नाचवत सखूबाई म्हणाल्या, "वायफायले वायर नाही लागत जी! कागद संपले तर टाकजा तेवढे."