लाईट गेल्यावर

डिसेंबर नव्व्याण्णव. नगरच्या सायबर कॅफेत सायन्सच्या नीलांबरी मॅडम चॅटवर एका अनोळखी अमेरिकन माणसाशी हमरीतुमरीवर आल्या होत्या. दोन हजार साल लागलं की जगभरचे कॉम्प्युटर बंद पडणार, वीज जाणार, हा त्याचा हेका. “काऽही बंद पडत नाही!” मॅडमनी ठणकावलं, आणि लाईट गेली.

दुसऱ्या दिवशी तो वाटच पाहत होता. “मध्येच कुठे गायब झालात?”

“लाईट गेली. सकाळी आली. आमच्याकडे नेहमीचंच आहे.”

“मग अंधारात केलंत काय?”

“करायचंय काय? शेजारणीच्या ओट्यावर गप्पा मारत बसले.”

 स्क्रीनवर त्याची ओळ आली, “मी मेणबत्त्या, बॅटऱ्या, डबाबंद जेवण, सगळं भरून ठेवलंय. शेजाऱ्याचं नाव तेवढं विचारायचं राहिलंय.”