बोंडातला पीळ

“दे लवकर अन् जाय,” रक्षा वर्गाच्या दारात येऊन दबक्या आवाजात म्हणाली.

देवकाबाईने कापसाची पुडी नातीच्या हातात दिली, पण गेली मात्र नाही. पोरगी पुडी घरीच विसरली म्हणून शेताची वाट सोडून, कमरेला वेचणीचं फडकं बांधलेली, ती शाळेकडे वळली होती. सोबत वेचणाऱ्या बाया बांधावर वाट पाहत असतील. पाहू देत बापड्या. शाळेत कापूस कशाला लागतो, हे कळल्याशिवाय तिचं पाऊल उचलत नव्हतं.

“काऊन पाह्यजे वं कापूस?”

“तुले नाई समजत, आजी. सायन्स आहे. इंग्रजीत असते.”

हे वाक्य देवकाबाईला आता पाठ झालं होतं. रक्षा सातवीत गेली, विज्ञान-गणित इंग्रजीतून सुरू झालं आणि घरात हेच ऐकू येऊ लागलं. आधी पोरगी दप्तर खाली टाकायच्या आत सगळी शाळा आजीच्या कानात ओतायची. आता भिंतीकडे तोंड करून पुटपुटत बसायची. एका ताटात जेवणारी नात दूर चालली होती, आणि ते कुणाला सांगावं तर लोक म्हणणार, शिकू दे की पोरीला.

सायन्सच्या तासाला मराठीचा एक शब्द बोलायचा नाही, हा धनंजय सरांचा नियम. वडनेर गावची अर्धी पोरं व्हॅनमध्ये बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायला लागली होती. उरलेली टिकवायची तर सरांनाही काहीतरी करून दाखवणं भाग होतं.

सरांनी पुडीतल्या कापसाचा एक तंतू सुटा केला, काचपट्टीवर ठेवला, खिडकीशी मांडलेल्या मायक्रोस्कोपखाली सरकवला आणि रक्षाला बोलावलं. तिने नळीला डोळा लावला.

“व्हॉट डू यू सी?” सरांनी विचारलं.

रक्षा घडाघडा बोलू लागली. मध्ये श्वास नाही, थांबणं नाही. देवकाबाईला त्यातलं अक्षर कळलं नाही, तरी तिची छाती फुगायची ती फुगलीच.

“हे पुस्तकातलं झालं,” सर म्हणाले. स्वतःचाच नियम मोडल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. “तुला काय दिसतं ते सांग.”

रक्षाने पुन्हा पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग दारातच उभ्या असलेल्या देवकाबाईकडे.

“बरं, मला नको सांगू,” ते म्हणाले. “आजीले सांग.”

सरांच्या तोंडी ‘आजीले’ ऐकून वर्ग खुदखुदला. रक्षा मात्र वळली, आणि तिच्या बोलण्याचा बांध फुटला.

“आजी, थे गोल नाई वं! मले वाटलं सुतळीसारखं असन, पण चपटं आहे. अन्...” शब्द पुरेनात, तशी तिने वेणीची लाल रिबीन ओढून काढली, एक टोक दातात धरलं आणि दुसऱ्या टोकाला पीळ देत गेली. मग दातातलं टोक सोडून म्हणाली, “असं! इथून तिथवर सबन असंच आहे!”

“कोणं पिळलं?”

“कोणंच नाई! बोंड उकलते तवा आपलंच पिळून जाते थे, पुस्तकात आहे.”

“काईबाई सांगून राह्यली.”

“या आजी, स्वतःच पाहा,” सर म्हणाले.

देवकाबाई चपला बाहेर काढून आत आली. आधी तिला फक्त अंधार दिसला आणि स्वतःच्याच पापण्या. रक्षाने मागून तिचा दुसरा डोळा तळहाताने झाकला. मग दिसलं. थाळीएवढा उजेड, आणि त्यात एक पट्टी वळत, पुन्हा वळत गेलेली.

जन्म गेला कापूस वेचण्यात. रोज संध्याकाळी देवापुढची वात तळहातावर वळताना, वळणारी आपण, अशीच तिची समजूत होती. तिचा हात लागायच्या आधीच कुणीतरी वळायला सुरुवात करून ठेवली होती.

“माय वं,” ती म्हणाली, देवळात बोलावं इतक्या हळू.

“आता मला सांग,” सर रक्षाला म्हणाले. “इंग्रजीत.”

रक्षाने रिबीन हातात घेतली. या खेपेला शब्द घडाघडा आले नाहीत. एकेक करून, चाचपत आले.

“इट इज नॉट राउंड. इट इज फ्लॅट.” रिबिनीने पीळ घेतला. “इट टर्न्स. अँड टर्न्स. सर... नोबडी टर्न्स इट.”

देवकाबाई नातीच्या तोंडाकडे पाहतच राहिली. आत्ता आपल्या बोलीत ऐकलेली, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट तिच्यासमोर दुसऱ्या भाषेत गेली होती, आणि वाटेत थेंबभरही सांडली नव्हती.

“समजलं, आजी?” रक्षाने भीत भीत विचारलं.

“समजलं ना. कोणंच नाई पिळलं म्हणून सांगतलं तू सरले.”

रिबीन रक्षाच्या हातातच राहिली.

सरांनी पुढच्या पोरीला, मोहिनीला, बोलावलं. तिने बराच वेळ नळीत पाहिलं. “व्हॉट डू यू सी?” सरांनी विचारलं. मोहिनीने डोळा काढला, सरांकडे पाहिलं, आणि हळूच देवकाबाईकडे वळली. तिच्यामागे रांगेत उभी असलेली सगळी पोरंही देवकाबाईकडेच पाहत होती.

देवकाबाईला बांधावरच्या बाया आठवल्या. मग तिने कमरेचं फडकं सोडलं, भिंतीला पाठ टेकून खाली बसली आणि ते मांडीवर घेतलं.

“सांग वं बाई,” ती म्हणाली, “तुले काय दिसलं?”