चढणीचा मासा

नवऱ्यानं हौसेनं रांधलेल्या कालवणातला मासा शेवंतीनं फोडला, तर आत अंड्यांची गाभोळी भरलेली. तिचा हात ताटातच थांबला.

"चढणीचा आहे?"

"मग!" तो मिटक्या मारत म्हणाला. "अंडी घालायला वर जाणाऱ्या माशांसाठी पडीक बंधारा फोडून वाट केलीत ना तुम्ही बायांनी? तिथंच जाळं लावलं. खा, तुझ्याच मेहनतीचं आहे."

उन्हाळाभर बाया दगड उपसत होत्या, तेव्हा हाच काठावर बसून दात काढायचा. तिनं ताट बाजूला सारलं. हात धुतला, कोयता उचलला आणि नदीवर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं त्याला वाफाळता भात वाढला. वर त्याचं नवंकोरं जाळं, कोथिंबिरीसारखं बारीक चिरलेलं.

"खा," ती म्हणाली, "तुमच्याच मेहनतीचं आहे."