खिडकीतला ग्लास

इंग्लंडच्या नॉरफकमधल्या त्या खेड्यातला पब आज दुपारी कायमचा बंद होणार होता. सगळं गाव आत दाटीवाटीनं उभं होतं, एक एमस सोडून. तो नेहमीसारखा बाहेर, खिडकीपाशी. तरुणपणी ‘बिअरमध्ये पाणी आहे’ असं तो सगळ्यांदेखत बोलला आणि पबमालकानं, म्हणजे आताची मालकीण मॉड हिच्या वडिलांनी, जन्मभराची बंदी घातली. मालकाचा शब्द कोणी मोडत नाही. वडील गेले तरी मॉड त्याला खिडकीतूनच ग्लास देत राहिली. आज ती म्हणाली, “म्हाताऱ्या, आता तरी आत ये.” “बंदी जन्माची आहे, बये. मी अजून मेलो नाही.” लोक पांगले. मॉडनं दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि ती स्वतःचा ग्लास घेऊन त्याच्याशेजारी खिडकीपाशी आली. “बाबा खरंच पाणी घालायचे.” “ठाऊक आहे.” “मग रोज कशाला यायचास?” एमसनं खिडकीतला आपला ग्लास सरकवून तिच्या ग्लासला जागा केली.